रफू केलेला फ्यूज

मास्तरीणबाई लेकीकडे गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी व्हॅनचा हॉर्न बंद पडला.

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. शाळांचे गणवेश शिवायचे आणि जुन्या व्हॅनमधून पोचते करायचे, हा त्यांचा धंदा. घरातल्या कामांची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. कापडाचं जे काही असेल ते मास्तरांचं आणि विजेचं जे काही असेल ते मास्तरीणबाईंचं. बाईंच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. इतर मुली दोरीवर उड्या मारायच्या त्या वयात या तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायच्या. व्हॅनचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी उसवून नव्याने केलं होतं. मास्तर फक्त गाडी चालवायचे. ती कशामुळे चालते, हा प्रश्न त्यांना तीस वर्षांत पडला नव्हता.

लेकीला मूल झालं होतं आणि बाई महिनाभरासाठी निघाल्या होत्या. तिकडे थंडी फार, म्हणून मास्तरांनी त्यांना नवा कोट शिवून दिला होता. बस सुटताना बाईंनी खिडकीतून वाकून विचारलं होतं, "माझ्यावाचून काही अडणार नाही ना?"

याला एक सरळ उत्तर होतं आणि ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारी मेहुणा उभा होता, पलीकडे कंडक्टर उभा होता, आणि चारचौघांत असलं काही बोलायची मास्तरांना सवय नव्हती. तशी ती एकांतातही नव्हती.

"छे. काय अडायचंय?" ते म्हणाले. "सावकाश ये."

बाईंनी काच ओढून घेतली. बस दिसेनाशी झाली तरी मास्तर तिथेच उभे होते. घरी आल्यावर त्यांनी सवयीने दोन कप चहा केला, आणि दुसरा कुणी प्यायचा नाही म्हणून दोन्ही स्वतःच प्यायले.

तर दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. मास्तरांनी डॅशबोर्डखालचं फ्यूजचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला बाईंनी वहीचा कागद चिकटवला होता. अक्षर नेहमीचं, डावीकडे झुकणारं.

"१. हॉर्न. १५. निळा. कारण असेल तरच वाजवावा.
२. वायपर. २०. पिवळा. काच कोरडी असताना लावू नये. सांगून थकले.
३. आतला दिवा. ५. बदामी. चष्मा बहुधा डोक्यावर असतो.
४. ब्रेकचा दिवा. १०. लाल. मागच्यालाही घरी जायचं असतं.
५. इंजिन. हा काढू नये. का, ते विचारू नये."

मास्तरांनी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. पहिल्या खाचेतला निळा फ्यूज काढून त्यांनी उजेडात धरला, तर आतली बारीक तार मधोमध तुटलेली होती. जादा फ्यूज बाई एका गोल डबीत ठेवत. डबी जागच्या जागी सापडली, पण आत शर्टाची दोन बटणं आणि बाईंच्या केसांतला एक आकडा एवढंच होतं. बाई वस्तू विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. जायच्या घाईत राहिलं असेल, असं मास्तर स्वतःशीच म्हणाले, आणि आकडा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला.

आता कुणीही म्हणेल की नवा फ्यूज आणावा. पण गावात गाडीचे सुटे भाग मिळायचं ठिकाण एकच, ते म्हणजे मेहुण्याचं गॅरेज. मेहुण्याच्या पोटात काही राहत नसे. फ्यूज घेऊन मास्तर दुकानाची पायरी उतरायच्या आत बहिणीला फोन गेला असता, की एक दिवस झाला नाही तोच अडलं. मास्तर त्यापेक्षा गाडीपुढे धावत जाऊन लोकांना बाजूला करायला तयार होते.

शिवाय ते शिंपी होते. बाहेर फाटलं की आतल्या मुडपातलं कापड काढून ठिगळ लावायचं, हा त्यांचा हातखंडा. आतला दिवा कुणाला दिसतो? त्यांनी तिसऱ्या खाचेतला बदामी फ्यूज काढून पहिल्या खाचेत बसवला. अगदी चपखल बसला. कोणता किती वीज सोसतो त्याचे पाच, दहा, पंधरा असे आकडे लिहिले होते खरे, पण आकार तर सगळ्यांचा एकच होता. जे अंगाला बसतं ते मापाचं असतं, अशी मास्तरांची आयुष्यभराची श्रद्धा होती.

त्यांनी हॉर्न दाबला. हॉर्न शिंक अडल्यासारखा "पिक्" म्हणाला आणि गप्प झाला. बदामी फ्यूजही गेला.

मग मास्तरांनी वायपरचा पिवळा काढून लावला, आणि हॉर्न खणखणीत वाजला. मास्तरांनी खूश होऊन तो विनाकारण आणखी तीनदा वाजवला. आभाळ कोरडं होतं, वायपरचं काम नव्हतं, त्यामुळे हे ठिगळ चांगलं टिकणार असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सात वाजता बाईंचा फोन आला. पुढे तो रोज सातलाच येऊ लागला. पावणेसातपासून मास्तरांचे पाय मशिनवर स्थिर राहत नसत. पण फोन वाजला की ते चार वेळा वाजू देत आणि मग कामातून उठल्यासारखा आवाज काढत उचलत.

"सगळं ठीक?"

"ठीक."

"गाडी?"

"पळतेय."

"काही अडलं नाही ना?"

"छे. कोट कसा आहे?"

"ऊबदार आहे."

"शिवण, बटणं वगैरे?"

"तुम्ही शिवलेल्याला काय होणार?"

मागून बाळाचं रडणं ऐकू येई. मग "ठेवते हं" असं म्हणून बाई आणखी एक मिनिट फोन ठेवत नसत, आणि मग ठेवत.

महिना संपत आला तेव्हा बाई म्हणाल्या, "लेक म्हणतेय, आणखी थोडे दिवस राहा. तुमचं सगळं व्यवस्थित चाललंय, तर राहू का?"

"राहा की," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवून स्वतःला अशा काही शिव्या दिल्या, की गिऱ्हाइकाला दिल्या असत्या तर दुकान बंद झालं असतं. ती आपणहून यावी, एवढंच त्यांना हवं होतं. 'ये' म्हटल्यावर तर कुणीही येतं. न सांगता आली, तर तिलाही करमत नव्हतं हे कळलं असतं. म्हणून ते रोज सगळं ठीक असल्याचं सांगत, आणि सगळं ठीक असलेल्या घरी येण्याची कुणाला घाई नसते.

दुसऱ्या महिन्यात रस्ता धुणाऱ्या टँकरने व्हॅनच्या काचेवर बादलीभर चिखल उडवला. वायपर नव्हता. मास्तर खिडकीतून मान बाहेर काढून घरी आले आणि ब्रेकच्या दिव्याचा लाल फ्यूज काढून वायपरला लावला. एव्हाना चिखल वाळला होता. काच कोरडी असताना वायपर लावू नये, हे झाकणावर लिहिलेलं होतंच. वायपर अर्ध्या काचेपर्यंत कण्हत आला आणि थेट मास्तरांच्या नाकासमोर उभा राहिला, तो तिथलाच झाला. लाल फ्यूजही गेला होता. त्यानंतर मास्तर रस्ता दोन भागांत पाहू लागले. डाव्या भागात जाणारे लोक, उजव्या भागात येणारे.

चौथ्या दिवशी घड्याळवाल्याने त्यांना मागून धडक दिली. हा घड्याळवाला मास्तरांच्या दुकानासमोरच बसायचा. एका डोळ्याला भिंग लावून दिवस काढल्यामुळे दूरचं त्याला सगळंच अंदाजाने दिसायचं.

"मास्तर, थांबताना सांगत जा की," स्कूटर उचलता उचलता तो म्हणाला. "तुमचा ब्रेकचा दिवा कुठंय?"

"वायपरमध्ये."

"आणि वायपर?"

"हॉर्नमध्ये."

घड्याळवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. "वहिनींना फोन का नाही करत?"

"तिला कशाला त्रास? तिकडे बाळ आहे."

तेव्हापासून मास्तर ब्रेक लावताना खिडकीतून हात बाहेर काढून हलवू लागले. मागचे लोक ओळखीचे समजून उलट हात हलवत, आणि येऊन धडकत. सौजन्य वाढलं, पण मागचा पत्रा बसत चालला.

रोज दुकान उघडण्याआधी मास्तर व्हॅनमध्ये बसत आणि झाकण उघडून बाईंचा कागद वाचत. आता बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी वाचत. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पत्र लिहिलं नव्हतं. दुरावाच कधी आला नव्हता. तेव्हा हेच काय ते पत्र, पाच ओळींचं. 'सांगून थकले' हे तर त्यांना बाईंच्या आवाजात ऐकू यायचं. पूर्वी ते ऐकून ते वैतागत. आता कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगून थकावं, असं त्यांना फार वाटायचं.

एक दिवस घड्याळवाला म्हणाला, "मास्तर, ते गेलेले फ्यूज टाकले नाहीत ना? तार तर तुटलीय. तुमचा धंदाच तुटलेलं जोडायचा. माझ्याकडे भिंग आहे, चिमटे आहेत."

मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. एका शाळेच्या बँड पथकाचे गणवेश त्यांच्याकडे शिवायला आले होते आणि खांद्यावरच्या पट्ट्यांसाठी चंदेरी धागा आणलेला होता, खऱ्या तारेचा. घड्याळवाल्याच्या टेबलावर दोघे दुपारभर श्वास रोखून बसले. मास्तरांनी सगळ्यांत बारीक सुई घेतली आणि गेलेल्या तिन्ही फ्यूजांच्या आतली तार रफू केली. एक पदर घालून समाधान होईना, म्हणून चार-चार पदर घातले, शेवटी एक गाठही मारली. रफू असा, की जोड कुठे आहे ते घड्याळवाल्याला भिंगातूनही सापडेना.

मग निळा हॉर्नला, बदामी दिव्याला आणि लाल वायपरला बसला. पिवळा मोकळा झाला, तो ब्रेकला गेला. सगळं एकदम चालू झालं. वायपर मास्तरांच्या नाकासमोरून हलला आणि रस्ता पुन्हा एक झाला.

"आता हे कधीच जायचे नाहीत," घड्याळवाला म्हणाला.

हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं. फ्यूज वेळेवर जाण्यासाठीच असतो, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मास्तरांचा आवाज फोनवर इतका टवटवीत होता, की बाईंनी लगेच विचारलं, "काय झालं?"

"कुठे काय? सगळं उत्तम."

"गाडी?"

"नव्यासारखी."

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "बरं झालं. लेक म्हणतेय, बाळ वर्षाचं होईपर्यंत इथेच राहा. मी अजून काही बोलले नव्हते. तुमचं खरंच काही अडत नसेल, तर हो म्हणते."

बाळ साडेतीन महिन्यांचं झालं होतं. मास्तरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. 'नको' हा शब्द तसा लहान आहे, पण तीन महिने रोज 'छे' म्हटल्यावर तो जिभेला सापडेना.

"बघ तुला कसं वाटतं ते," ते म्हणाले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. मशिनवर बसले, पण दोरा ओवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडचे गणवेश पोचवायला ते निघाले. दुकानासमोरच एक सायकलवाला आडवा आला, म्हणून मास्तरांनी हॉर्न दाबला. हॉर्न वाजला. मास्तरांनी हात काढला. हॉर्न वाजतच राहिला.

डॅशबोर्डखालून धुराची एक बारीक रेघ वर आली. रफू केलेला फ्यूज जळायला तयार नव्हता, त्यामुळे त्याच्या मागची वायर तापली, तिचं आवरण वितळलं, शेजारचीही वितळली, आणि हॉर्नला आता मास्तरांच्या हाताची गरज उरली नाही. मास्तरांनी किल्ली काढली, इंजिन बंद झालं, हॉर्न चालूच. फ्यूज उपटायला गेले, तर तो खाचेत वितळून बसला होता.

सगळी गल्ली बाहेर आली. लोक कानांवर हात ठेवून सल्ले देत होते, त्यामुळे सल्ले कुणालाच ऐकू येत नव्हते. तीन गल्ल्या पलीकडून मेहुणाही धावत आला. आत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"मी हात लावणार नाही, दाजी," तो मास्तरांच्या कानात ओरडला. "ताईचं वायरिंग आहे. मागे एक वायर हलवली, तर दोन वर्षं बोलली नाही. तिला फोन करा."

"तू कर."

"तुमची बायको आहे, तुम्ही करा."

मास्तरांनी धुराकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं आणि फोन लावला. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"अहो, हा कसला आवाज?"

"हॉर्नचा," मास्तर ओरडले. "थांबत नाहीये."

"हॉर्नचा? हॉर्न कसा वाजेल?" बाई म्हणाल्या, पण ते मास्तरांना ऐकू गेलं नाही. "बरं, आधी सीट उचला. खाली बॅटरी आहे. काळी वायर काढा. काळी हं, लाल नाही."

मेहुण्याने पाना दिला आणि फोन मास्तरांच्या कानाशी धरला. मास्तर गुडघे टेकून नट फिरवू लागले. धूर डोळ्यांत जात होता, निदान डोळ्यांतल्या पाण्याला कारण तरी मिळालं होतं.

"काही अडत नाही म्हणाला होतात ना?" बाईंचा आवाज आला.

"अडतंय," मास्तर हॉर्नच्या वर ओरडले. "सगळं अडतंय. पहिल्या दिवसापासून अडतंय."

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

मास्तरांनी छातीभर श्वास घेतला. पाना शेवटचा फिरवला, काळी वायर निघाली आणि हॉर्न एकदम बंद पडला. मास्तरांचं वाक्य मात्र निघालेलं होतं, ते काही आता परत घेता येत नव्हतं.

"तुझ्याशिवाय मला करमत नाही. ये ना आता घरी."

गल्ली इतकी शांत झाली होती, की घड्याळवाल्याच्या दुकानातली घड्याळं ऐकू येत होती. मेहुण्याने नजर दुसरीकडे वळवली. वरच्या मजल्यावरच्या काकू आत गेल्या आणि ऐकायला पुन्हा बाहेर आल्या.

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "ऐकू आलं. उद्या सकाळच्या बसने निघते."

मास्तर त्यांना आणायला स्टँडवर पायी गेले, कारण गाडी गाडी राहिली नव्हती. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "वाळलात." मास्तर म्हणाले, "तूही." मग घरापर्यंत बॅग दोघांनी मिळून धरली होती. तिला दोघांची गरज नव्हती.

दारात पोचल्यावर बाई घरात न जाता आधी व्हॅनपाशी गेल्या. झाकण उघडून त्यांनी वितळलेला निळा फ्यूज गाडीतल्या पकडीने उपटून काढला आणि उजेडात पाहिला. बराच वेळ पाहिला.

"रफू केलात?"

"चार पदर घातले."

बाईंचे खांदे हलायला लागले. त्या पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे हसताहेत की रडताहेत हे मास्तरांना कळेना. मग बाईंनी पर्स उघडली, आतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत एक चांगला निळा फ्यूज होता, आणि गोल डबीतले सगळे जादा फ्यूज.

"हे तुझ्याकडे?"

"निघायच्या आदल्या दिवशी मीच काढला, आणि गेलेला एक जुना लावून ठेवला. म्हटलं, हॉर्न वाजला नाही की दुसऱ्या दिवशी तुमचा फोन येईल. 'अडलंय, ये' म्हणाल. मी बॅगसुद्धा पूर्ण उघडली नव्हती." बाईंनी डोळे पुसले. "आणि तुम्ही रोज 'उत्तम'."

मास्तर बाईंच्या कोटाकडे पाहत होते. वरून दुसरं बटण दोऱ्याने लावलेलं नव्हतं. चारही भोकांतून तांब्याची तार घालून, मागे व्यवस्थित पीळ देऊन, वर वार्निशचा थेंब दिलेला होता. हत्तीने ओढलं असतं तरी ते बटण हललं नसतं.

"हे कधी तुटलं?"

"नवव्या दिवशी." बाईंनी बटणावर हात ठेवला. "तुमच्या हातचं बटण तुटलं, म्हणून मीच चकित झाले. लेकीच्या घरी बिघडलेला पंखा होता, त्यातली तार घेतली. तुम्हाला सांगितलं नाही, वाईट वाटेल म्हणून."

"मी रोज विचारत होतो."

"हो, रोज काय ते बटणं, बटणं..." बाई थांबल्या. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

मास्तरांनी खिशात हात घातला, तर केसांचा आकडा हाताला लागला. तो त्यांनी बाईंना दिला. "दोन टाके घातले होते फक्त," ते म्हणाले. "गाठ मारली नव्हती. वाटलं, आठवड्याभरात तुटेल, तू सांगशील, आणि लावून घ्यायला आपणहून येशील."

बाईंनी आकडा केसांत खोवला, कोट उतरवून त्यांच्या हातात दिला आणि बाही सरसावून व्हॅनमध्ये शिरल्या. मास्तर पायरीवर सुई-दोरा घेऊन बसले. तांब्याची तार काढायला त्यांना पाऊण तास लागला. आतून मधूनमधून बाईंचा आवाज येत होता. पिवळा ब्रेकला कुणी लावतं का, वायपर पिवळा असतो हे लिहिलेलं दिसत नाही का, आणि मागचा पत्रा असा कसा झाला. मास्तर प्रत्येक प्रश्न मान खाली घालून मनापासून ऐकत होते. तार निघाल्यावर त्यांनी बटण दोऱ्याने लावलं, चार टाके घातले, आणि या वेळी गाठ मारली.